खालच्या बाईंच्या हातचं

नव्या वस्तीत राहायला आलेला माणूस आधी वाण्याचं दुकान शोधतो, मग बरा डॉक्टर, मग न्हावी. लिफ्टवाला मात्र आल्या दिवसापासून जेवायच्या जागा शोधत सुटला.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या माथ्यावर मोटारीच्या खोलीत, नाहीतर तळाच्या खड्ड्यात. हाताला ग्रीस, कानात घरघर. अशा माणसाला संध्याकाळी लागते ती भूक साधीसुधी नसते. त्यात तो जन्माचा शाकाहारी, आणि वर खाण्याचा शौकीन. हे दोन्ही एका माणसात आलं आणि वस्ती नवी असली, की त्याचे हाल कुत्रा खात नाही.

त्याने आणि त्याच्या बायकोने एकेक हॉटेल पालथं घातलं. एकीकडे "शाकाहारी काय मिळेल?" म्हणून विचारलं, तर वाढप्याने कुणी वारल्याची बातमी ऐकावी तसा चेहरा केला आणि काकडीच्या चकत्या आणून ठेवल्या. दुसरीकडे सूप आलं, त्यात कोंबडीचा तुकडा तरंगत होता. तक्रार केल्यावर वाढप्याने चमच्याने तो तुकडा उचलला, बशीत ठेवला आणि "घ्या, झालं शाकाहारी" म्हणून निघून गेला. तिसरीकडे सगळंच शाकाहारी होतं, पण चवीच्या नावाने शंख. उकडलेल्या गाजराशेजारी उकडलेला फ्लॉवर बसला होता, आणि दोघांचाही एकमेकांशी काही संबंध नव्हता.

बायको म्हणाली, "अरे, घरी खाऊ या ना. एवढं काय अडलंय?"

काय अडलं होतं ते तिलाही माहीत होतं. अडलं होतं तिच्या आईपाशी.

सासूबाई म्हणजे हाताला चव असलेली बाई. त्यांच्याकडे जेवून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्यांची आठवण काढल्याशिवाय राहत नसे. लग्न ठरवताना ह्याने मुलीइतकंच मुलीच्या आईच्या हातच्या वांग्यांकडे बघितलं होतं, असं बायको चारचौघांत सांगायची, आणि तो कधी नाही म्हणायचा नाही. गेल्या वर्षी सासूबाईंना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. दूध उतू गेलेलं कळेना, भाजी करपलेली कळेना. जिभेला खारट-गोड तेवढं समजे, बाकी सगळा पुठ्ठा. "येईल परत, कदाचित हळूहळू येईल, वाट बघा," एवढंच डॉक्टर म्हणाले. एके दिवशी गॅस तसाच चालू राहिला. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. मग मुलीने त्यांचं काही एक न ऐकता त्यांना आपल्या घरी आणलं.

तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हत्या. "मला वासच येत नाही, तर मी काय डोंबल स्वयंपाक करू?" असं एकदा म्हणाल्या आणि नंतर तो विषयच काढला नाही. जेवायच्या त्या औषध घ्यावं तशा. चार घास, पाणी, संपलं. हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मुलगी आणि जावई दोघेही कामाला जाणारे, दोघांचाही स्वयंपाक यथातथाच. आणि आपण केलेलं अन्न त्या बाईने असं गिळलेलं बघणं लिफ्टवाल्याच्या जिवावर यायचं. कुठेतरी, कुणाच्या तरी हातचं ह्यांना गोड लागेल, एवढा एकच धागा धरून तो हॉटेलं धुंडाळत होता.

गल्लीच्या टोकाला पडद्यांचं दुकान आणि छापखाना ह्यांच्या मधोमध एक थाई हॉटेल होतं. त्यावरून तो रोज जायचा. पण पाटीवर हा एवढा मोठा मासा रंगवलेला, तोंड उघडून हसत असलेला. त्यामुळे आत डोकवायचं कधी त्याच्या मनातच आलं नाही. शेवटी तो तिथे गेला तो गिऱ्हाईक म्हणून नाहीच, कामावर गेला.

त्या हॉटेलात बसायची खोली वर आणि स्वयंपाकघर खाली तळघरात होतं. मधे जेवण वर चढवायला एक छोटी लिफ्ट, कपाटाएवढी. ती ऐन दुपारच्या गर्दीत वाट्यांसकट मधेच अडकली होती. लिफ्टवाला पोचला तेव्हा गिऱ्हाइकं पांगली होती. हॉटेल दोघं भावंडं चालवत. भाऊ वर वाढायचा, बहीण खाली रांधायची. भाऊ उंच, सडपातळ आणि भारी काळजीखोर. त्याने लिफ्टवाल्याला भिंतीतल्या झडपेपाशी नेलं आणि म्हणाला, "आत चार माणसांचं जेवण अडकलंय. माणसं गेली उठून. बहीण खाली तापलीय. जरा सांभाळून बोला."

लिफ्टवाल्याने झडप उघडून आत डोकं घातलं. अंधाऱ्या पोकळीत, अडकलेल्या लिफ्टच्या कडेच्या फटीतून, खाली कुठेतरी उजेडाची चौकट दिसत होती. त्या चौकटीतून आवाज आला,

"कोण आहे वर?"

"लिफ्टवाला."

"उशीर केलात."

"निरोप आला तसा निघालो, बाई."

"मग निरोपाला उशीर झाला. कुणाला तरी झालाच." आणि लगेच, "जेवलात का?"

लिफ्टवाला चपापला. त्याच्या धंद्यात लोक 'किती वेळ लागेल' विचारतात, 'पडणार तर नाही ना' विचारतात. हे कुणी विचारत नाही. नेमका त्या दिवशी तो डबा घरी विसरला होता.

"नाही अजून."

"मग आधी ही चालू करा. पहिलं ताट तुमचं. चालते की नाही तेही कळेल."

"बाई, मी शाकाहारी आहे."

खालून प्रश्न आला, "अंडं?"

"नाही."

"माशांच्या खाऱ्या पाण्याचे चार थेंब?"

"ते काय असतं?"

खालून अशी हसण्याची लाट वर आली की लिफ्टची दोरीसुद्धा हलली असेल. "अहो, आमच्या प्रत्येक पदार्थात असतं ते! कुठे थाई जेवला असाल शाकाहारी म्हणून, तर पोटभर मासे खाऊन आला असाल. बरं झालं सांगितलंत. करा तुम्ही तुमचं काम, मी माझं करते."

आणि तळघरातून खलबत्त्याचे ठोके यायला लागले.

बिघाड तसा किरकोळ होता. दार नीट लागलं की दाबला जातो असा एक लहानसा स्विच असतो. तो दाबला गेल्याशिवाय मोटार हलत नाही. वाफ आणि तेलाचे थर बसून तो स्विच चिकटला होता. लिफ्टवाल्याने वरचा पुसला आणि खालचा पुसायला तळघरात उतरला. तिथे त्याने त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस घट्ट बांधलेले, कपाळावर घाम. सगळी वस्ती त्यांना 'खालच्या बाई' म्हणायची, हे त्याला पुढे कळलं. एका दगडी खलबत्त्यात हिरव्या मिरच्या, गवती चहाचे देठ आणि लिंबाची साल ह्यांचा त्या लगदा करत होत्या. बाजूला तसाच दुसरा खलबत्ता पालथा घातलेला होता.

लिफ्टवाल्याची नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "त्यात सुकी कोळंबी कुटते. ह्यात नाही. ह्यात कधीच नाही."

"दोन ठेवता?"

"माझी आई तुमच्यासारखी. खायची नाही. वडील सगळं खायचे. आई म्हणायची, तुझ्या बाबांना पाहिजे ते करून घालीन, पण माझ्या खलबत्त्याला हात लावशील तर याद राख. घरात दोन खलबत्ते, दोन पळ्या, दोन कढया. भांडण मात्र एकदाही झालं नाही. मी हॉटेल काढलं तेव्हा भाऊ म्हणाला, एकच पुरे. मी म्हटलं, मग तूच रांध."

"मग पाटीवर लिहीत का नाही? मासा बघून मी कधी आत आलो नाही."

"मासा भावाने काढलाय," त्या म्हणाल्या. "त्याला दुसरं काही काढता येत नाही."

लिफ्ट सुरू झाली. लिफ्टवाला वर जाऊन झडपेपाशी उभा राहिला. दोरी ताणली, चाक फिरलं, आणि अंधारातून हळूहळू एक झाकलेली वाटी वर आली. शेजारी भाताची मूद. झाकण काढलं मात्र, जो काही घमघमाट सुटला! नारळाचं दूध, हिरवी मिरची, तुळशीच्या जातीची कुठलीशी पानं. पण त्याच्या आतही आणखी काहीतरी होतं. लिंबू म्हणावं तर लिंबू नाही, फूल म्हणावं तर फूल नाही. वाटाण्याहून थोडी मोठी इवली वांगी कडेने तरंगत होती. बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखे सोयाच्या पनीरचे तुकडे होते. पहिला घास गोड लागला, मागून आंबट आलं, आणि तो 'छान आहे' म्हणणार एवढ्यात मिरचीने मागून येऊन कानशिलं तापवली. पण त्यात झोंबाझोंबी नव्हती. एकामागून एक रांगेत, आपापली पाळी आल्यावरच.

त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. मग लाज सोडून झडपेत डोकं घातलं. "बाई!"

"काय झालं? अडकली?"

"नाही. अजून आहे का?"

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा बघून बायकोने विचारलं, "लॉटरी लागली की काय?"

"जागा सापडली," तो म्हणाला.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. लिफ्टवाल्याने खालच्या बाई, दोन खलबत्ते, इवली वांगी, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. इवल्या वांग्यांपाशी सासूबाईंचा कान जरासा हलला, असं त्याला वाटलं. पण शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या हो. मला तिथे नेऊन काय करणार? झाकण काढलं काय, न काढलं काय, मला सारखंच. उगाच कुणा बाईचं अन्न वाया."

हट्ट केला असता तर त्या बधल्या नसत्या. पण गुरुवारी बायकोला दवाखान्यात संध्याकाळची पाळी होती. ती हाडं मोडलेल्या रुग्णांना व्यायाम शिकवायची. लिफ्टवाल्याने तोंड एवढंसं केलं आणि म्हणाला, "आई, मला एकट्याने बसून जेवायचा फार कंटाळा येतो. तुम्ही जेवू नका. नुसत्या समोर बसा."

"जावईबापू, मी काय ओळखत नाही का तुमची नाटकं?" सासूबाई म्हणाल्या. पण उठल्या, आणि केस सारखे करायला आरशापाशी गेल्या.

हॉटेलात भावाने त्यांना भिंतीकडेचं टेबल दिलं. लिफ्टवाल्याने तीच हिरवी आमटी मागवली, आणि सासूबाईंसाठी, राहवेना म्हणून, अळंब्यांचं सूप. सूप आलं. भावाने झाकण काढलं. सासूबाईंनी चमचा बुडवला, तोंडात घातला, गिळला. पुन्हा बुडवला, गिळला. मग चमचा बशीत ठेवून हात मांडीवर घेतले. वाटी जवळजवळ भरलेली खाली गेली.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि खालच्या बाई स्वतः वर आल्या. एप्रन तसाच, हात पुसत. त्या सहसा वर येत नसत. दोनचार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. लिफ्टवाल्याने हातातला चमचा खाली ठेवला. आता ह्या बिघडल्या तर?

त्या सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. त्यांना नीट न्याहाळलं. मग भावाला म्हणाल्या, "आण जरा ती दुसरी वाटी. झाकलेली." वाटी आली. त्यांनी सासूबाईंच्या समोर धरली आणि झाकण उचललं. वाफेचा लोट निघाला. लिफ्टवाला आपोआप पुढे झुकला. शेजारच्या टेबलावरचा माणूसही झुकला. सासूबाई ताठ बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या.

"तुम्हाला वास येत नाही," खालच्या बाई म्हणाल्या.

विचारलं नाही, सांगितलं. घरात गेलं वर्षभर कुणी हे वाक्य इतकं सरळ उच्चारलं नव्हतं. 'आईचं ते', 'तुझा तो त्रास', असं आडून आडून चाललेलं. लिफ्टवाल्याला वाटलं, आता सासूबाई उठून जाणार.

सासूबाई म्हणाल्या, "नाही येत."

"कधीपासून?"

"तापापासून. गेल्या वर्षी."

"आणि आधी तुम्ही रांधत होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भाऊ म्हणाला, चमचा तोंडात गेल्यावर तुम्ही काहीतरी शोधत होता. न रांधणारी माणसं शोधत नाहीत, खातात." खालच्या बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मग मी चुकीचं पाठवलं. हे सूप सगळं नाकाचं आहे. तुम्हाला मी ते देणं म्हणजे... जाऊ दे. जीभ आहे ना? दात आहेत?"

"आहेत की! सगळे माझे आहेत," सासूबाई जरा फणकाऱ्याने म्हणाल्या. त्यांच्या आवाजात फणकारा ऐकून लिफ्टवाल्याला इतकं बरं वाटलं!

"मग खूप आहे. थांबा."

त्या खाली गेल्या. ठोके, चिरण्याचा आवाज, काहीतरी भाजल्याची चुरचुर. मग लिफ्ट वर आली. त्यात एक मोठं ताट होतं, आणि ताटात नागवेलीसारखी दिसणारी पानं. प्रत्येक पानावर थोडं थोडं काय काय मांडलेलं होतं. सालीसकट चिरलेल्या लिंबाचा शेंगदाण्याएवढा तुकडा, आल्याचा तुकडा, भाजलेलं खोबरं, खरपूस शेंगदाणे, मिरचीची एकच चकती, आणि वर गुळासारखा दाट पाक. मागोमाग खालच्या बाई. त्यांनी एका पानाची पुडी केली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"तोडायचं नाही. अख्खं. आणि चावताना घाई करायची नाही."

सासूबाईंनी पुडी तोंडात घातली. चावली. लिफ्टवाला श्वास रोखून बघत होता. आधी कुरकुर आवाज आला. मग त्यांचे डोळे एकदम बारीक झाले. लिंबू लागलं होतं. मग डोळे मोठे झाले, आलं लागलं. मग पाकाने त्यांचा चेहरा सैल केला, आणि तेवढ्यात मिरचीने गाठलं. त्यांनी तोंडावर हात धरला. डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीचं होतं की आणखी कशाचं, हे सांगता येणं कठीण.

"काय?" खालच्या बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी घास संपवला. शांतपणे दुसरं पान उचललं, स्वतः पुडी केली, आणि म्हणाल्या, "आलं जरा जास्त घातलं असतं मी ह्यात."

ताट रिकामं झालं. लिफ्टवाल्याच्या वाट्याला एक पान आलं, तेही मागून घ्यावं लागलं.

तेव्हापासून गुरुवार ठरला. पुढे पुढे बायकोही पाळी बदलून यायला लागली. खालच्या बाई दर वेळी काहीतरी निराळं पाठवायच्या, आणि ते बघण्यासारखं असे. कच्च्या पपईचा कीस, लिंबू आणि ठेचलेली मिरची, तोंडात घातल्यावर कडाकडा वाजणारा. सोयाचं पनीर, वरून असं कुरकुरीत की बाजूच्या टेबलावर ऐकू जावं. गरम भाताशेजारी बर्फासारखी गार काकडी. "जिभेने, दातांनी, टाळूने, जेवढं जेवता येतं तेवढं जेवा," त्या म्हणायच्या. "नाक रुसलंय तर रुसू दे. बाकीच्यांनी का उपाशी राहायचं?" सासूबाईंच्या बांगड्या हळूहळू पुन्हा मनगटाशी बसल्या. गुरुवारी दुपारपासूनच त्या विचारायला लागत, "किती वाजता निघायचं?" आणि लिफ्टवाल्याच्या मनात यायचं, डॉक्टरांनी वाट बघा म्हटलं, ह्या बाईने वाट बघता बघता जेवायचं कसं ते दाखवलं. असली माणसं रोजच्या रस्त्यावर राहतात आणि आपण पाटीवरचा मासा बघून पुढे निघून जातो.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका गुरुवारी घात झाला. ते नेहमीच्या टेबलावर बसले. खाली लसणाची फोडणी पडली आणि वास वर आला. सासूबाई ताडकन उठल्या. चेहरा पांढराफटक, पदर नाकाशी. "घाण! केवढी घाण! रबर जळतंय!" असं म्हणत खुर्चीला धडकत त्या दारातून बाहेर पडल्या. मुलगी मागोमाग धावली. सगळं हॉटेल बघत राहिलं. भाऊ बिचारा टेबलाखाली रबर शोधायला लागला.

पडद्यांच्या दुकानाच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या, डोळे पुसत. "त्या बाईच्या अन्नाला मी घाण म्हटलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तिच्या अन्नाला! आता कोणत्या तोंडाने जाऊ मी तिथे?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हे वाईट नाही. नाक जागं होतंय, पण अर्धवट झोपेत आहे. लसूण, कांदा, कॉफी, भाजलेलं, तळलेलं, सगळं काही महिने उलटंसुलटं लागेल. हळूहळू सुधारेल. हे ऐकून सासूबाईंना काडीचाही आनंद झाला नाही. वास नव्हता तो बरा होता, असं त्या म्हणाल्या. घरात कांदा चिरायची सोय राहिली नाही. त्या पुन्हा चार घासांवर आल्या, आणि गुरुवारी "पाय दुखतोय" म्हणून झोपून राहिल्या.

लिफ्टवाला एकटाच हॉटेलात गेला. माफी मागायची होती. तो सरळ जिना उतरून तळघरात गेला. खालच्या बाई पालेभाजी निवडत होत्या. त्याने अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"म्हणजे लसणाचा वास आला त्यांना?"

"वाईट आला, बाई. रबर जळल्यासारखा."

"पण आला!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "वेडे की काय तुम्ही सगळे? माफी कसली मागताय? पेढे वाटा, पेढे!" आणि मग त्यांनाच हसू आलं. "बरं. लसूण नको. कांदा नको. भाजलेलं, तळलेलं नको. वाफ नको, वाफेबरोबर वास चढतो. मग गार. सगळं गार आणि कच्चं. उद्या चार वाजता आणा त्यांना. तेव्हा चुली बंद असतात. सगळी दारंखिडक्या उघडून ठेवते."

"त्या येणार नाहीत. लाजल्यात."

"मग मी येते."

आणि खरंच आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली, तर खालच्या बाई उभ्या, कडेवर मूल घ्यावं तसं एक मोठं झाकलेलं पातेलं घेऊन. आजवर तळघराच्या उजेडात पाहिलेल्या त्या बाई दिवसाच्या उन्हात जरा लहान दिसत होत्या. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या आणि दाराशीच थबकल्या.

"मी तुमच्या अन्नाला..."

"अन्नाला काही ऐकू येत नाही," खालच्या बाई म्हणाल्या. "बसा."

पातेल्यात गार भात होता, मोकळा केलेला. त्यावर पपनसाच्या पाकळ्या, कैरीचा कीस, ओलं खोबरं, काकडी, मोड आलेली कडधान्यं, आणि केसासारखं बारीक चिरलेलं काहीतरी हिरवं. सगळं वेगवेगळ्या ढिगाऱ्यांत. सासूबाईंनी भीत भीत वाटी नाकाजवळ आणली, तोंड वळवायच्या तयारीनेच. तोंड वळवावं लागलं नाही. त्यांनी ते हिरवं बोटाने उचललं.

"हे काय आहे?"

"एका जातीच्या लिंबाची पानं. का? घाण येतेय?"

सासूबाईंनी ते बोटांत चुरडलं, नाकाशी धरलं. "नाही," त्या हळूच म्हणाल्या. "घाण नाही. लांबून... पुष्कळ लांबून... लिंबाच्या झाडाखाली उभं राहिल्यासारखं." आणि त्यांनी ती बोटं मुलीच्या नाकाशी नेली. "बघ ग. असाच येतोय ना? असाच आहे ना हा?"

"असाच आहे, आई," मुलगी म्हणाली, आणि तिने आईची ती बोटं पुन्हा नाकाशी धरली.

त्यानंतर सगळं एका रात्रीत ठीक झालं, असं काही नाही. कॉफी त्यांना अजूनही सहन होत नाही, आणि लसणाशी जेमतेम समेट झालाय. पण एकेक वास परत येत गेला. कोथिंबीर आली, ओल्या मातीची कुंडी आली, साबण आला. एकदा त्यांनी जावयाच्या कामाच्या कपड्यांपाशी येऊन "अगबाई, ग्रीस!" म्हणून असा काही आनंद केला की तो शर्ट त्याने दोन दिवस धुवायला टाकला नाही.

आणि मग एका सोमवारी, हॉटेलच्या सुट्टीच्या दिवशी, सासूबाईंनी खालच्या बाईंना आणि त्यांच्या भावाला घरी जेवायला बोलावलं. सकाळपासून त्या ओट्याशी होत्या. वर्षभरात पहिल्यांदाच. वांगी, डाळ, भात, दोन भाज्या. मधेच हाक यायची, "जावईबापू, इकडे या, नाक द्या जरा." जावई जाऊन वास घ्यायचा आणि सांगायचा, "झालं, आई. उतरवा." पण चव त्यांनी कुणाला बघू दिली नाही. ती माझी मी बघीन, म्हणाल्या.

पाहुणी पाटावर बसल्यासारखी अवघडून खुर्चीत बसली. दुसऱ्यांना घालणाऱ्या बाईला कुणी वाढायचं म्हटलं की तिला हातांचं काय करावं ते सुचत नाही. भाऊ मात्र पहिल्या घासापासून मान डोलवत होता. मुलगी म्हणाली, "आई, वांगी अगदी पहिल्यासारखी झालीत ग!" जावई म्हणाला, "पहिल्यापेक्षा सरस." सासूबाईंनी दोघांकडे लक्षच दिलं नाही. त्यांची नजर खालच्या बाईंच्या तोंडाकडे.

खालच्या बाईंनी घास घेतला. सावकाश चावला. डोळे मिटले, उघडले. दुसरा घास घेतला. मग म्हणाल्या,

"वांगी उत्तम. असली वांगी मला करता येणार नाहीत. डाळीत मीठ कमी आहे."

लिफ्टवाला आणि त्याची बायको, दोघांनीही माना खाली घातल्या. डाळीत मीठ कमी होतं हे त्यांनाही कळलं होतं. पण तोंडातून शब्द काढायची कुणाची छाती झाली नव्हती.

सासूबाईंनी डाळीची वाटी ओढली, चमचाभर तोंडात घातली. म्हणजे वांग्यांचंही बाई खरंच बोलल्या होत्या. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला, की तसा लेकीने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"कमीच आहे की हो!" त्या म्हणाल्या, आणि मीठ आणायला लगबगीने उठल्या.